मानवी लाल पेशींसाठी सीडी२३५ए घ्यायची आहे: एफआयटीसी, पीई की एपीसी?

म्हादई_०८ (ताळगाव)
नमस्कार मंडळी. माझं पीएचडीचं काम मलेरियावर आहे. फॅल्सिपॅरमच्या कल्चरमध्ये किती टक्के लाल पेशी बाधित आहेत ते फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी लेझरसमोरून सोडून तिचा उजेड मोजणारं मशीन) मोजायचंय. परजीवीच्या डीएनएला लागणारा सायबर ग्रीन हा रंग लॅबमध्ये आहेच. पण कल्चर जुनं झालं की फुटलेल्या पेशींचा कचरा आणि मोकळे मेरोझोइट (पेशीबाहेर पडलेले परजीवी) गेटमध्ये (मोजायच्या पेशींभोवती आखलेल्या चौकटीत) घुसतात, म्हणून सोबत लाल पेशी ओळखणारी अँटिबॉडी हवीय.

आमच्या सायटोमीटरला दोनच लेझर आहेत, निळा ४८८ आणि लाल ६४०. व्हायोलेट नाही. मुंबईच्या डीलरने सीडी२३५एची (लाल पेशीवरच्या ग्लायकोफोरिन ए प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी) तीन कोटेशन पाठवलीत, तिला जोडलेल्या चमकत्या रंगाप्रमाणे: एफआयटीसी, पीई, एपीसी. एफआयटीसी सगळ्यांत स्वस्त. पैसे एकाच व्हायलपुरते आहेत आणि सरांचं म्हणणं, स्वस्त ती घे. चवथीच्या सुट्टीआधी ऑर्डर टाकायचीय. काय करू?

फोंडेकर
आमच्याकडे पीएनएचच्या (लाल पेशी फुटण्याचा एक रक्ताचा आजार) तपासणीला एफआयटीसीच चालते. सीडी२३५ए एफआयटीसीवर, सीडी५९ पीईवर. त्या आजारात जीपीआय या स्निग्ध रेणूच्या नांगरावर टांगलेली प्रथिनं पेशीवरून गायब होतात, सीडी५९ त्यांतलंच एक. ग्लायकोफोरिन ए मात्र पटलातून आरपार गेलेलं असतं, ते जागचं हलत नाही. त्यामुळे आजारी पेशीही लाल पेशीच्या गेटमधून निसटत नाही. पण तुमचं सायबर ग्रीनचं गणित वेगळं आहे. पेडणेकर ताई सांगतील.

पेडणेकर_ताई
आले. म्हादई, एफआयटीसी अजिबात घेऊ नकोस. सायबर ग्रीन आणि एफआयटीसी दोन्ही ४८८ वर पेटतात आणि दोन्ही ५२० च्या आसपास उजळतात. एकाच डिटेक्टरमध्ये दोघांची सरमिसळ झाली की कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्यात सांडलेला उजेड हिशोबातून वजा करणं) करूनही ती सुटत नाही. स्वस्त व्हायल आणशील आणि ती फ्रिजमध्ये एक्सपायर होईल.

पीईचं उत्सर्जन ५७८ ला. चालवून घेता येईल, पण सायबर ग्रीनचा उजेड तिथपर्यंत सांडतो, आणि ट्रोफोझोइट-शायझाँटमध्ये (परजीवीच्या पुढच्या अवस्थांमध्ये) डीएनए वाढला की सांडणंही वाढतं. एपीसी ६४० च्या लेझरवर चालते, ६६० ला दिसते. दुसरा लेझर, दुसरा डिटेक्टर, भांडणच नाही. तुझ्या मशीनवर एपीसीच.

सरांना समजवायचं असेल तर एवढंच सांग की दर ट्यूबमागे अँटिबॉडी फार थोडी लागते. एका लाल पेशीवर ग्लायकोफोरिन एचे जवळजवळ दहा लाख रेणू असतात. टायट्रेशन (किती कमी मात्रा पुरते ते चाचपणं) नीट केलंस तर डेटाशीटवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा बरीच कमी पुरते आणि एक व्हायल प्रबंध संपेपर्यंत जाते. फक्त कमी मात्रेत दर ट्यूबमधल्या पेशींची संख्या सारखी ठेव, नाहीतर आज शिखर इथे, उद्या तिथे.

साळ_नदी
आमच्या फ्रिजमध्ये टेर-११९ पडून आहे, पीईवर. न्यायची असेल तर फुकट देतो 😄

पेडणेकर_ताई
ती उंदराच्या लाल पेशींची, बाबा. माणसाच्या पेशीला शिवणारसुद्धा नाही.

म्हादई_०८
ताई, क्लोनचं (अँटिबॉडी ज्या पेशीवंशातून येते त्याचं) काय? एका कोटेशनवर एचआयआर२ आहे, दुसऱ्यावर एचआय२६४. आणि हाच एचआयआर२ एक कंपनी सीडी२३५ए म्हणून विकते, दुसरी सीडी२३५एबी म्हणून. वेगळा माल आहे का?

पेडणेकर_ताई
क्लोन तोच. 'एबी' लिहिणारी कंपनी ग्लायकोफोरिन बीलाही जमेस धरते. माणसाची लाल पेशी ओळखण्यापुरतं दोन्ही क्लोन चालतील. आयसोटाइप कंट्रोल (त्याच जातीची, पण लाल पेशीला न ओळखणारी अँटिबॉडी) घेणार असशील तर मात्र क्लोन बघून घे: एचआयआर२ ला आयजीजी२बी, एचआय२६४ ला आयजीजी२ए. खरं तर मी त्यावर पैसे घालवणार नाही, न रंगवलेली ट्यूब आणि फक्त सायबर ग्रीनची ट्यूब ठेवली की भागतं.

पुढे कधी ट्रिप्सिन दिलेल्या पेशींवर इन्व्हेजनचे (परजीवी पेशीत शिरण्याचे) प्रयोग केलेस तर सावध. ट्रिप्सिन ग्लायकोफोरिन एच कापतं, मग सिग्नल पडला म्हणून अँटिबॉडीला दोष देऊ नकोस. आणि ही अँटिबॉडी चालू कल्चरमध्ये कधीच घालायची नाही. फॅल्सिपॅरमचं ईबीए-१७५ हे प्रथिन नेमकं ग्लायकोफोरिन एला धरूनच आत शिरतं. दारातच पहारा बसवल्यावर इन्व्हेजन कमी दिसलं तर नवल काय? नमुना बाहेर काढल्यावरच रंगव.

फोंडेकर
सगळ्यांत मोठा ताप राहिलाच की. गुठळ्या!

अँटिबॉडीला दोन हात, आणि समोर पेशीभर ग्लायकोफोरिन. ती दोन पेशी एकमेकींना चिकटवते. जास्त घातली की ट्यूबमध्ये गुच्छ होतात. तुमच्या कामात हे फार महाग पडेल: तिघींच्या गुच्छात एकच बाधित असली तरी मशीनच्या लेखी ती एक अख्खी बाधित घटना, म्हणजे टक्केवारी फुगली. एफएससीचा (पेशीच्या आकाराच्या सिग्नलचा) एरिया आणि हाइट समोरासमोर लावून जोड्या बाहेर काढा, पण त्याआधी गुच्छ होऊच देऊ नका. रक्त (किंवा ५० टक्के हिमॅटोक्रिटपर्यंत, म्हणजे निम्मा भाग लाल पेशी होतील इतकं, दाट केलेलं कल्चर) पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) निदान शंभरपट पातळ करा. रक्तात मायक्रोलिटरमागे साधारण ५० लाख लाल पेशी, म्हणजे पातळ केल्यावर ५० हजार. त्यातले १० ते २० मायक्रोलिटर पुष्कळ झाले.

धुऊन झाल्यावर मशीनला लावायच्या अगदी आधी ट्यूबचं बूड प्लास्टिकच्या रॅकवरून दोन-तीनदा खरखर ओढायचं. बाजूच्या टेबलावरचे दचकतात, पण गुच्छ सुटतात. नुसत्या व्हॉर्टेक्सने तेवढे सुटत नाहीत. शंका आली तर थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा, दोन मिनिटांचं काम.

आणि नवीन मुलं सवयीने लायसिंग बफर घालतात. या कामात त्या बाटलीला हातच लावायचा नाही, ज्या पेशी मोजायच्या त्याच विरघळतील.

म्हादई_०८
फिक्स करायचं असेल तर आधी की नंतर?

पेडणेकर_ताई
आधी अँटिबॉडी, मग धुणं, मग पॅराफॉर्मल्डिहाइड, शेवटी सायबर ग्रीन. ग्लुटाराल्डिहाइड टाळ, पेशी स्वतःच चमकायला लागतात.

बाधा न झालेल्या त्याच रक्ताचा कंट्रोल रोज लाव. रेटिक्युलोसाइटमध्ये (नवजात लाल पेशीत) आरएनए शिल्लक असतो आणि सायबर ग्रीन त्यालाही थोडं लागतं. रक्तपेढीच्या पिशवीतल्या जुन्या रक्तात ते कमी, पण उद्या रुग्णाचं रक्त घेतलंस तर नक्की दिसतील. परजीवीची कोवळी रिंग स्टेज आणि रेटिक्युलोसाइट यांची सीमा त्या कंट्रोलवरूनच आखायची.

साळ_नदी
पार्सलचंही बघ हां. शुक्रवारी मुंबईहून सुटलेलं खोकं शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात उकडत पडतं. डीलरला सांग, सोमवारीच पाठव, जेल पॅकमध्ये. ड्राय आइस नको, एपीसी गोठली की गेली. फ्रिजमध्येसुद्धा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, तिथे बर्फ धरतो. पावसात लाइट गेली की दार उघडायचं नाही, आमचा तर तोच नियम आहे.

म्हादई_०८
देव बरें करूं सगळ्यांक! एपीसी, एचआय२६४ असं सरांना आत्ताच मेल केलं, दहा लाख रेणूंच्या हिशोबासकट. डीलर म्हणतो छोटं पॅकही मिळतं, पण चवथीनंतर.

पेडणेकर_ताई
छोटंच घे. घाई कसली, टायट्रेशन त्यातच होईल. फक्त मोठं पॅक मागवशील तेव्हा क्लोन तोच आहे ना ते बिलावर वाचून घे, डीलर 'सेम आहे मॅडम' म्हणून दुसराच पाठवतात.

फोंडेकर
+१. आणि एपीसीचा डिटेक्टर शून्यापासून सेट करा. मागच्याने ठेवलेल्या व्होल्टेजवर लाल पेशी स्केलच्या उजव्या कडेला चिकटलेल्या दिसतील.