कोकमासाठी अनुकूल जागेचा नकाशा साताऱ्यात कितपत खरा धरावा?

प्रश्न (पाटण):
कोयना खोऱ्यात ओढ्याकाठच्या आमच्या रानात आपोआप उगवलेली कोकमाची तीन झाडे आहेत. तशी आणखी लावावीत असे घरच्यांच्या मनात असल्याने मी झाडांच्या सार्वजनिक नोंदी आणि पावसाचे आकडे मॅक्सएंटमध्ये (झाडाला अनुकूल जागांचा अंदाज देणाऱ्या संगणक-प्रणालीत) घालून जिल्ह्याचा नकाशा काढला. माण-खटाव कोरे राहिले, ते पटते. पण सर्वांत अनुकूल म्हणून महाबळेश्वरचे पठार पुढे आले, आणि तिथे मी कधी कोकम पाहिलेले नाही. चूक कुठे झाली असावी?

उत्तर (कराड):
आपल्या नोंदी बहुतेक कोकण-गोव्याच्या सखल भागातल्या असणार. त्यांवरून ही प्रणाली "भरपूर पाऊस तिथे कोकम" एवढेच शिकते, आणि ५,५०० मिलिमीटरहून अधिक पावसाचे महाबळेश्वर साहजिकच वर येते. ते सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तिथे कडाक्याची थंडी पडते, हे तिला कोणी सांगितलेलेच नाही. तेव्हा तापमानाचे आकडेही जोडावेत. बागेत पाणी घालून जगवलेली झाडे नोंदींतून वगळावीत. शिवाय वर्ल्डक्लिम या जगभरच्या हवामानाच्या नकाशा-संचाचा सर्वांत बारीक चौकोनही सुमारे १ किलोमीटरचा असतो. त्यात डोंगराची उघडी सोंड आणि तिच्या पायथ्याचा आपला ओढा एकच होऊन जातात.

उत्तर (शिराळा):
झाड जगेल ती जागा आणि फळ हाती लागेल ती जागा, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतात. फळ एप्रिल-मेमध्ये पिकते आणि नेमका तेव्हाच वळीव आला की साल वाळवायला ऊनच मिळत नाही. दुसरे असे की कोकमात नर आणि मादी झाडे निराळी असतात. आम्ही बियांची वीस रोपे लावली. सात वर्षांनी फुले आली तेव्हा बारा नर निघाली. नराच्या फुलात मधोमध पुंकेसरांचा दाट गोंडा असतो, मादीच्या फुलात हिरवी गोल गाठ असते. म्हणून मादी झाडांची कलमेच घ्यावीत आणि दहा मादींमागे एक नर ठेवावा.

प्रश्नकर्ता (पाटण):
आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. तापमान मी खरोखरच घातले नव्हते. ते घालून नकाशा पुन्हा काढतो. आमच्या तीन झाडांपैकी एक दरवर्षी फुलते पण फळत नाही, म्हणून वांझ समजून ते या पावसाळ्याआधी तोडायचे ठरले होते. आज सकाळी जाऊन त्याची फुले पाहिली. मधोमध गोंडाच आहे. ते झाड आता तोडणार नाही.