पंचगंगेच्या काठावरून गाड्यांचे आणि पूलबांधणीचे फोटो: जागा, ऊन, शटर

काठावरचा कॅमेरा
नमस्कार मंडळी. कोल्हापूरहून मिरजेकडे जाताना रुकडीच्या अलीकडे पंचगंगेवर रेल्वे पूल आहे. तिथे काठावरून गाड्यांचे फोटो घ्यायचे आहेत. कॅमेरा क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरचा, 24 मेगापिक्सेल. लेन्स 18-55 मिमी आणि 55-250 मिमी. अडचणी तीन. सकाळी येणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या इंजिनाचं तोंड काळं येतं, 1/500 सेकंदाच्या शटरला डबे पुसट येतात आणि पुलाचे खांब आत कलल्यासारखे दिसतात. शिवाय एखाद्या नदीवर नवा रेल्वे पूल उभा राहत असेल, तर पायापासून गर्डरपर्यंत (खांबांवरच्या आडव्या तुळया) फोटोंची नोंद ठेवताना कोणते टप्पे चुकवू नयेत? ड्रोनचंही सांगा.

रूळ आणि ऊन
आधी दिशा बघा. कोल्हापूर ते रुकडी हा मार्ग ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. म्हणजे सकाळी कोल्हापूरहून सुटणाऱ्या कोयना एक्स्प्रेसच्या तोंडावर समोरून ऊन पडतं, तर त्याच वेळी कोल्हापुरात शिरणाऱ्या महालक्ष्मीच्या पाठीवर. तोंड काळं येण्याचं कारण हेच, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. येणारी गाडी सकाळी आडवीच घ्या, पूल आणि डबे अशी. तोंडासह हवी असेल तर दुपारनंतरची येणारी गाडी धरा.

काठ कोणता, हे महिन्यावर ठरतं. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, तेव्हा पुलाच्या दक्षिणेला उभं राहायचं. कोल्हापूरचा अक्षांश 16.7 अंश असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला जातो, म्हणून त्या दिवसांत उत्तरेचा काठ. नेमका पूल नकाशावर किती अंशांनी तिरका आहे ते मात्र मोजून घ्या.

आपल्याकडची दुसरी अडचण म्हणजे ऊस. दोन्ही काठ मळीचे, म्हणजे नदीच्या गाळाच्या जमिनीचे, आणि वाढलेला ऊस डोक्याच्या कितीतरी वर जातो. गाळप सुरू होऊन फड मोकळे झाले की जानेवारी ते मार्चमध्ये पूल पूर्ण दिसतो. सप्टेंबरात पाहून ठेवलेल्या जागेवरून तेव्हा वेगळंच चित्र मिळतं. थंडीत नदीवर धुकं असतं. ते विरायला लागतं त्या अर्ध्या तासासाठी पहाटे उठणं सार्थकी लागतं.

आता शटर. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. तुम्ही 100 मीटरवर आहात, लेन्स 50 मिमीवर आहे आणि गाडी आडवी जाते आहे, तर सेन्सरवर तिची प्रतिमा सेकंदाला 12.5 मिमी सरकते. 1/500 ला ती 0.025 मिमी सरकली. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण 0.004 मिमीचा, म्हणजे सहा पिक्सेलांचा पुसटपणा. 1/2000 ला तो दीड पिक्सेलवर येतो. 18 मिमीवर मात्र 1/1000 पुरे, कारण तिथे प्रतिमाच लहान असते. उजेड कमी असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 800 पर्यंत बिनधास्त वाढवा. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, पुसट डबे सुधारत नाहीत. वंदे भारतचा पांढरा भाग सपाट पांढरा होऊ नये म्हणून एक्स्पोजर 0.7 स्टॉपने खाली ठेवा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). पोलरायझर फिल्टर पाण्याची चकाकी घालवतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो. धावत्या गाडीसाठी तो काढलेलाच बरा.

विद्युतीकरणानंतर खांब आणि तारा आल्या आहेत. इंजिनाच्या टपावरून खांब उगवल्यासारखा दिसू नये, म्हणून ते दोन खांबांच्या मधे येताच बटण दाबा. बर्स्टवर (एका दाबात सलग अनेक फोटो) भरवसा ठेवून बसू नका.

खांब ते गर्डर
खांब कलतात कारण कॅमेरा वर झुकलेला असतो. लेव्हल सरळ ठेवा, जागा थोडी उंच किंवा लांबची घ्या आणि खालची रिकामी जागा नंतर कापा. बांधकामाच्या नोंदीत याला फार महत्त्व आहे. सरळ खांब फोटोत कललेला दिसला, तर नोंद निरुपयोगी.

नोंदीसाठी दोन जागा पक्क्या करा. जिथे उभे राहता तिथे दगडावर रंगाची खूण, दरवेळी तीच फोकल लेंथ, तीच उंची. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का ते आधी पाहा.

पाया पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांचा असेल तर क्रम असा: लायनर (भोकात बसवलेली लोखंडी नळी), खोदाई आणि भोकाच्या कडा धरून ठेवणारं बेंटोनाइट (चिकणमातीचं दाट पाणी), शिगांचा केज उतरवणं, ट्रेमी पाइपने (तळापर्यंत जाणारी नळी) काँक्रीट. ट्रेमीचं तोंड काँक्रीटमध्ये बुडालेलंच राहावं लागतं. ते वर आलं की काँक्रीटमध्ये चिखल मिसळतो आणि पाइल कच्चा राहतो. मग पाइलचं वरचं खराब डोकं फोडतात आणि उघड्या शिगांवर कॅप (पाइल एकत्र जोडणारा काँक्रीटचा ठोकळा) बांधतात. हा डोकं फोडण्याचा टप्पा दोन-तीन दिवसांत उरकतो आणि बहुतेकांचा तोच चुकतो. विहिरीचा पाया असेल तर कटिंग एज (तळाची लोखंडी धार), कर्ब (तिच्यावरचं कडं), स्टीनिंग (विहिरीची भिंत), ग्रॅबने (क्रेनचा पंजा) आतली माती काढून विहीर खाली बसवणं, तळाचा प्लग, वरची कॅप. विहीर एका बाजूला झुकली की माती उलट्या बाजूने जास्त काढतात. ते आठवडाभर रोज एकाच जागेवरून टिपलं तर दुरुस्ती कशी झाली ते दिसतं.

पात्रातलं काम पावसाआधी आवरतं घेतात, म्हणून पायाचे फोटो मेअखेरपर्यंतच मिळतात. त्यानंतर पिअर (खांब), पिअर कॅप, बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो ती बैठक), गर्डर. चालू रुळांलगतचं गर्डर चढवणं ब्लॉक घेऊन, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या थांबवून होतं आणि तो बऱ्याचदा रात्री असतो. ट्रायपॉड लागेलच.

काठावरचा कॅमेरा
गाळा (दोन खांबांमधलं अंतर) किती मीटरचा आहे, हे फोटोवरून काढता येईल का?

खांब ते गर्डर
येतं. एलएचबी (नव्या धाटणीच्या) डब्याची लांबी 23.54 मीटर. पुलावर गाडी असताना समोरून आडवा फोटो घ्या, डबा आणि दोन खांबांच्या मध्यांतलं अंतर पिक्सेलमध्ये मोजा आणि प्रमाण लावा. तिरक्या फोटोवरून हिशोब चुकतो. रेल्वेच्या ओपन वेब गर्डरचे (लोखंडी जाळीदार गर्डर) ठरलेले गाळे 30.5, 45.7, 61 आणि 76.2 मीटरचे असतात, तेव्हा उत्तर यांच्या आसपास आलं की गर्डरचा प्रकार ताडून पाहा.

नदीमाती
जागेबद्दल. रुळांवर किंवा पुलावर जायचं नाही. रेल्वे कायदा 1989 चं कलम 147 अशा घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. काठावरची शेतं खासगी आहेत, मालकाला विचारूनच आत जा. बांधकामाच्या कुंपणाच्या आत जायचं तर मध्य रेल्वेच्या पुणे विभागाची लेखी परवानगी हवी.

ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडा. उजळाईवाडीचा (कोल्हापूरचा) विमानतळ इथून जवळ आहे आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय चालत नाही.

काठाच्या काळ्या गाळात ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात आणि फ्रेम सरकते. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा किंवा फळी ठेवा. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघा: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. सखल काठ इशाऱ्याच्या आधीच पाण्याखाली जातो, म्हणून पाणी चढतं असेल तर खाली उतरूच नका. लांबून 250 मिमीने खांबांवर रंगवलेली धोक्याची आणि महापुराची रेघ टिपा. पाणी त्या रेघेपासून किती खाली आहे, हे तारखेसह नोंदवलं की तो फोटो पुढे कामाला येतो.