मातांच्या बैठकीत सगळ्या माना डोलावतात, घरी मात्र मधाचं बोट. काय बदलावं?

उपकेंद्रवाली:
अंगणवाडीत दर महिन्याला गरोदर बायकांची बैठक असते. आठ-दहा जणी येतात. तासाभरात स्तनपान, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हे सगळं पोस्टरवरून सांगून होतं. विचारलं तर पाठही म्हणून दाखवतात. पण आशा घरी पोचते तेव्हा बाळाला मध चाटवून झालेला असतो, चीक पिळून टाकलेला असतो आणि 'दूधच येत नाही' म्हणून बाटली आणलेली असते. त्या तासात नेमकं काय घ्यावं?

डिंकलाडू:
आधी बोलावणं कुणाला जातंय ते बघा. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. तुम्ही इथे सासूला पटवता, आणि बाळ पहिल्यांदा हातात घेणारी आजी असते दुसऱ्याच तालुक्यात! सहाव्या महिन्यातच विचारून ठेवा: बाळंतपण कुठे, दवाखान्यात रात्री सोबतीला कोण. त्या बाईला बैठकीतूनच फोन लावा, स्पीकरवर. माहेरच्या आशाचा नंबर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाची पहिली भेट ३ऱ्या दिवशी, मग ७, १४, २१, २८ आणि ४२व्या. मधाचं बोट पहिल्याच दिवशी लागतं.

'मध घरचा आहे, रानातला आहे' हे उत्तर येणारच. इथे शुद्धतेचा प्रश्न नाही. मधात बोट्युलिझमच्या (अंग लुळं पाडणाऱ्या जीवघेण्या आजाराच्या) जंतूंची बीजं असू शकतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वाढतात. साध्या उकळण्यानंही ती मरत नाहीत.

चिकाबद्दल मात्र भाषण नको. गाय व्याली की खरवस कुणाकुणाच्या घरी होतो, एवढंच विचारा. पुढचं बायका आपणच बोलतात.

अळीव:
पोस्टर गुंडाळून ठेवा. एक बाहुली आणि एक जाड मोजा आणा. मोज्यात कापूस भरून स्तन करा, भोवतीचा काळा भाग रंगवा. प्रत्येकीनं बाहुली स्वतः धरायची: डोकं-पाठ-कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला टेकलेलं, नाक स्तनाग्रासमोर. बाळानं जांभईएवढं तोंड उघडलं की बाळाला स्तनाकडे आणायचं. आईनं वाकायचं नाही, पाठ धरते. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसतोय, म्हणजे पकड बरोबर. बाळ नुसतं बोंडीच चोखत असेल तर चिरा पडतात, दूधही नीट निघत नाही. अशा वेळी ओढून काढू नका. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

मग चहाचा चमचा दाखवा. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी २ ते १० मिली पितं, म्हणजे अर्धा ते दोन चमचे. दूध भरून यायला दोन-तीन दिवस लागतात; बाटली नेमकी याच दिवसांत घरात शिरते. तेवढ्यात चोखणं कमी झालं की दूधही खरंच कमी होतं.

पुरतंय की नाही ते रडण्यावरून ठरवू नका. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा-सात वेळा लघवी, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत काळी शी पिवळी व्हायला हवी. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. ३ किलोच्या बाळाचं २०० ग्रॅमपर्यंत उतरलं तर घाबरू नका; ३०० ग्रॅम उतरलं तर लगेच दाखवा.

उपकेंद्रवाली:
सिझेरियन झालेल्या आणि कमी वजनाच्या बाळांचं?

अळीव:
कंबरेखाली भूल दिलेली असेल आणि दोघं बरी असतील तर तिथेही पहिल्या तासात पाजता येतं, फक्त सोबतच्या बाईला बाळ धरावं लागतं. टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर निजून, किंवा बाळ काखेखाली धरून. वजन २५०० ग्रॅमच्या आत असेल तर कांगारू पद्धत: टोपी, लंगोट आणि मोजे एवढंच घालून आईच्या उघड्या छातीवर उभं. बापही करू शकतो. बैठकीला आलेल्या एखाद्या नवऱ्याच्या छातीवर बाहुली बांधून दाखवा, हशा पिकतो आणि लक्षात राहतं.

बाळंतविडा:
एक सूचना. सगळंच 'चूक' म्हणालात तर पुढच्या महिन्यात आज्या येणार नाहीत. हलक्या हातानं मालिश राहू द्या. पहिली अंघोळ मात्र निदान २४ तासांनंतर, कमी वजनाच्या बाळाची आणखी पुढे. नाका-कानात तेल नको (नाकातलं थेट फुप्फुसात उतरू शकतं), नाळेला काही लावणं नको. बंद खोलीत शेक-शेगडी तर मुळीच नको. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, बाळ-बाळंतीण झोपेतच गुदमरतात. उबेसाठी टोपी आणि आईची कूस आहेच.

शेवटची दहा मिनिटं मोबाईलच्या घड्याळावर श्वास मोजायला शिकवा. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तेवढेच भरले, छाती आत ओढली जाते, बाळ प्यायचं थांबलं, अंग गार पडलं किंवा तापलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, यातलं एकही दिसलं तर आशाच्या भेटीची वाट न बघता १०८. आणि वाटेत बाळ आईच्या छातीशी, दुपट्यात गुंडाळून शेजारी ठेवलेलं नाही.