लाकडी स्टॉकला बेडिंग: कालच्या ‘खूळ’वाल्या पोस्टला उत्तर

फोरएंड_पुणे: काल इथे एकाने बेडिंगबद्दल, म्हणजे रायफलची अ‍ॅक्शन (गोळी भरून उडवणारा धातूचा भाग) स्टॉकमध्ये (दस्त्यात) इपॉक्सीच्या (सुकून कडक होणाऱ्या गोंदाच्या) साच्यात चपखल बसवण्याबद्दल, लिहिलं, “पॉइंट टू-टू रायफलला धक्का असतोच कुठे? बेडिंग हे जुन्या लोकांचं खूळ. तेवढ्या पैशांत गोळ्या घ्या.” डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. बेडिंग नुसतं धक्का सोसायला नसतं हो! अक्रोडाचं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. बैठकच हलली की स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन वाकते आणि झीरो (नेम धरला तिथेच गोळी लागावी म्हणून साइटची केलेली जुळणी) आज इथे तर उद्या तिथे. खात्री करायचीय? रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, उभी धरा, नळी आणि फोर-एंडच्या (स्टॉकच्या पुढच्या भागाच्या) फटीवर बोट टेकवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाखाली नळी सरकली, तर आत ताण आहे. माझ्या जुन्या आन्शुट्झ रायफलची नळी इतकी सरकायची की डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं यंत्र) लावायची गरजच पडली नाही. इपॉक्सीवर बसवली आणि अख्खा पावसाळा झीरो जागचा हलला नाही.

लॉट_आधी: तो ‘एक’ मीच. नाव घ्यायला लाजता कशाला? टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, गोळी ५.६ची. स्टॉक काढा, अ‍ॅक्शन व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडा, ५० मीटरवर ग्रूप (लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा झुबका) काढा. तिथेच पसरला तर स्टॉकमध्ये सोनं ओतलंत तरी काय उपयोग? एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्या, लॉट (एका वेळी बनलेला माल) बदलला की ग्रूप बदलतो. आणि आता रेंजवरची निम्मी मंडळी अ‍ॅल्युमिनियम स्टॉकवर आहेत. कसलं अक्रोड घेऊन बसलात!

कोल्हापुरी_नेम: लॉट तपासा म्हणे! लॉट टेस्टिंगला युरोपात कोण जाणार, तुम्ही तिकीट काढताय का? आमच्या क्लबात माल आला की चांगला लॉट ‘आपल्या’ पोरांना, उरलंसुरलं आमच्या लेकीला. परवा एकाच स्पर्धेसाठी तिला दिलेल्या दोन खोक्यांवर दोन वेगळे लॉट नंबर. विचारलं तर उत्तर, “काका, गोळी ती गोळी.” असं म्हणणारा कोच स्वतःच्या भाच्यासाठी मात्र नंबर वाचून खोकी उचलतो.

लॉट_आधी: अगदी! आमच्याकडेही तेच. वर सीमाशुल्क, वाहतूक आणि लायसन्सवरचा गोळ्यांचा कोटा. ज्युनियरांच्या आईबापांनी सोनं गहाण टाकायचं का?

सीनियर_स्टँडिंग: कोटा नेमबाजाच्या दर्जाप्रमाणे असतो. नियम वाचा, मग रडा.

कोल्हापुरी_नेम: रडा कुणाला म्हणताय? रेंजवर या, समोरासमोर बोलू.

प्रोनवाली: अहो, धागा बेडिंगचा आहे! काका, लेकीवर अन्याय होतोय हे खरंच. पण तिची रायफल कुणी उघडून पाहिलीय का? तेजस्विनी सावंतताईंनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये (पालथं झोपून नेमबाजीत) ६०० पैकी ५९७ मारले, ते काय नुसत्या लॉटवर?

कोल्हापुरी_नेम: ताईंना मध्ये आणू नका. त्या आमच्या गावच्या, मला शिकवू नका.

लॉट_आधी: आणि ते ५९७ काय नुसत्या इपॉक्सीवर? स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकला पात्रतेत ५९० मारून सातवा आला आणि फायनलला ब्राँझ घेऊन गेला. त्या पातळीला माणूस बघायचा. फोरएंडसाहेब, इपॉक्सीची एजन्सी आहे का तुमची?

फोरएंड_पुणे: असती तर तुम्हाला फुकट दिली असती, तोंडाला लावायला.

सुतारकीचा_नाद: भांडा, पण घरी करणाऱ्यांनी ऐका. आमच्या ओळखीच्या एकांनी अ‍ॅक्शनला इपॉक्सी चिकटू नये म्हणून वॅक्स फासलं, स्क्रूची भोकं मात्र विसरले. इपॉक्सी आत शिरून घट्ट झालं. मग सुटावी म्हणून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशव्यांशेजारी रायफल! काकू अजून ऐकवतात. तेव्हा भोकं, खाचा सगळं प्लॅस्टिसिनने (मुलांच्या खेळायच्या मऊ मातीने) बुजवा, वॅक्सचे दोन हात द्या. इपॉक्सी सुकताना स्क्रू आवळू नका, नाहीतर जो ताण घालवायचा तोच कायमचा साच्यात बसतो. ट्रिगर आधी काढून ठेवा.

लॉट_आधी: बरं बाबा. लाकडी स्टॉक, दमट हवा आणि भटकणारा झीरो, तिन्ही असतील तर करा बेडिंग. झालं समाधान? अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनी मात्र आधी टॉर्क पाना (स्क्रू ठरावीक जोरानेच आवळणारा) घ्या.

फोरएंड_पुणे: हे कालच लिहिलं असतंत तर माझी दुपार वाचली असती. व्हाइसची चाचणी आधी करावी, हे मीही नाकारत नाही.

कोल्हापुरी_नेम: आणि लॉटच्या वाटपाचं काय?

सीनियर_स्टँडिंग: वेगळा धागा काढा.