न्यूयॉर्कमधलं उझबेक हॉटेल: सहा जण, त्यात दोन शाकाहारी. मागवायचं काय?

अलकापुरी_५
जुलैत दोन आठवडे न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये मुक्काम आहे. जवळच रेगो पार्कला उझबेक आणि बुखारी हॉटेलं बरीच आहेत असं कळलं. आम्ही सहा जण. चौघे मटण-चिकन खातात, पण बीफ अजिबात नाही. दोघे शाकाहारी, त्यात आईंना अंडंही चालत नाही. किती प्लेटी मागवाव्यात? शाकाहाऱ्यांचं पोट भरेल की नुसता ब्रेड चघळत बसतील? आणि परत बडोद्याला आल्यावर घरी जमेल असं काही असेल तर तेही सांगा.

कारेलीबाग_काका
आधी हॉटेल कोणतं ते ठरवा, कारण न्यूयॉर्कात उझबेक जेवण दोन तऱ्हांचं मिळतं. रेगो पार्क आणि फॉरेस्ट हिल्समध्ये, विशेषतः १०८व्या रस्त्यावर, बुखारी ज्यूंची वस्ती आहे. १९९१च्या आसपास सोव्हिएत संघ फुटला तेव्हा ही मंडळी ताश्कंद, समरकंद, बुखाराहून मोठ्या संख्येनं इथे आली. त्यांची हॉटेलं बहुतेक कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे अन्ननियम पाळणारी. ब्रुकलिनमध्ये ब्रायटन बीच, शीप्सहेड बे या बाजूला मुसलमान उझबेकांची हॉटेलं, तिथे हलाल.

पदार्थ तेच, पण तुम्हाला फरक पडतो तो असा. कोशर मांसाहारी हॉटेलात दुधाचा थेंब नसतो. लोणी, दही, चहात दूध, काहीही मागू नका. हलाल हॉटेलात मान्तीवर (वाफवलेले, मांस भरलेले मोदकासारखे) दह्याचा चक्का येतो, कोशरमध्ये येणार नाही. दुसरं म्हणजे कोशर हॉटेलं शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी बंद होतात ती शनिवारी रात्र पडेपर्यंत. जुलैत तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे शनिवार गेलाच समजा. रविवारी दुपारी जा. संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी गाण्याचा दणदणाट असतो, आईंना त्रास होईल.

रेगो पार्कसाठी मेट्रोच्या (सबवे) ६३ ड्राइव्ह स्टेशनवर उतरायचं. तिथल्या गाड्यांना अक्षरांची नावं असतात. शनिवार-रविवारी फक्त आर गाडी, इतर दिवशी एमसुद्धा. ई आणि एफ दिवसा तिथे न थांबता पुढे जातात. ब्रायटन बीचला सुट्टीच्या दिवशी क्यू पकडा, बी त्या दिवशी धावत नाही.

मांजलपूरची_मावशी
ताई, शाकाहाऱ्यांचं मी सांगते, कारण फसगत तिथेच होते.

"पलावातलं मांस बाजूला काढून भात द्या" असं कधी म्हणू नका. त्या पलावाचा पाया म्हणजे झिरवाक. मांस, चरबी, कांदा, गाजर एकत्र शिजवलेला रस, त्यातच भात शिजतो. दाण्यादाण्यात चरबी असते.

लाल भोपळ्याचे समसे (भट्टीत भाजलेले समोसे) आणि भोपळ्याच्या मान्ती मिळतात, पण सारणात शेपटीची चरबी (दुंबा) घालायची पद्धत आहे, आणि समशावर चकाकीसाठी बहुतेक अंड्याचा हात फिरवलेला असतो. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. कोशर ठिकाणी "पारेव्ह" असा शब्द दिसेल. त्याचा अर्थ मांस नाही आणि दूधही नाही, एवढाच. अंडं आणि मासा पारेव्हच धरतात! शाकाहारी समजून तोंडात टाकाल आणि पंचाईत होईल.

बिनधोक काय, तर आचिचुक (टोमॅटो आणि कागदासारख्या पातळ कांद्याची कोशिंबीर), भाजलेल्या वांग्याचं सॅलड, लसूण-शेपू घातलेले बटाट्याचे फ्राइज, आणि मोरकोव्चा. मोरकोव्चा म्हणजे गाजराचे लांब बारीक काप, व्हिनेगर, धणे, लसूण, तिखट, वरून कडकडीत तेल. स्टालिननं १९३७ मध्ये कोरियन लोकांना उचलून मध्य आशियात नेऊन टाकलं, त्यांनी किमचीची कोबी मिळेना म्हणून गाजरावर भागवलं. तिखटाची सवय असलेल्या जिभेला त्या टेबलावर हेच सगळ्यात ओळखीचं लागेल. बुखारी हॉटेलात नोनी तोकी मागा. उलट्या कढईच्या आकाराची, जिरं लावलेली कुरकुरीत पातळ पोळी. खाखरा मोठा होऊन आल्यासारखी. भाज्यांच्या शिगा (सळईवर भाजलेले कबाब) मागवल्या तर त्या मांसाच्याच जाळीवर भाजतात, आईंना चालत नसेल तर सोडून द्या.

"ताश्कंद सॅलड" नाव साधं वाटतं, पण त्यात मुळ्याबरोबर बीफ किंवा बीफची जीभ असते.

दांडियाबाजारी
बीफचं. पलाव, मान्ती, समसा, लगमान, चारही लॅम्बचे असतात तसे बीफचेही असतात, आणि कोशर-हलाल दोन्हीकडे. मेनूवर नुसतं "मीट" लिहिलेलं असेल तर विचाराच. वेटर बहुधा रशियन बोलतात. बारानिना म्हणजे लॅम्ब, कूरित्सा चिकन, आणि गव्यादिना म्हणजे बीफ. गव्य आठवा, विसरणार नाही, मुळात धातू तोच. "बेझ म्यासा" म्हणजे मांसाशिवाय, तेही आपल्या मांसाचंच भावंड. मान्तीत कधी लॅम्ब आणि बीफ मिसळलेलं असतं, म्हणून "लॅम्ब आहे का" न विचारता "बीफ आहे का" असं विचारा.

एक गंमत: उझबेक भाषेत सब्जी म्हणजे गाजर. भाजी हवी म्हणून सब्जी-सब्जी करत बसलात तर गाजरच येईल.

चौघा मांसाहाऱ्यांना: पलाव दोन, लगमान एक (हातानं ओढलेल्या शेवयांचा रस्सा, वाडगा मोठा असतो, दोघांत पुरतो), मान्तीची एक प्लेट, समसे चार, शिगा चार. शिगेचा दर एका शिगेचा असतो, प्लेटचा नाही. सहा जणांत नोन (तिथला गोल तंदुरी ब्रेड) दोन, आचिचुक दोन. सगळं एकदम मागवू नका. समसे आणि कोशिंबीर आधी, मान्ती सांगून ठेवा कारण वाफवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पलाव मधे, शिगा शेवटी. लॅम्बची चरबी ताटात गार झाली की मेणासारखी थिजते, मग चव गेली. त्याच कारणानं बर्फाचं पाणी नको, हिरवा चहा घ्या. पियाल्यात चहा अर्धाच ओततात, कंजूषपणा समजू नका. भरून दिला तर "आता उठा" असा अर्थ निघतो.

नोन हातानं तोडायची, सुरी नाही, आणि उलटी ठेवायची नाही.

बिलावर कर ८.८७५ टक्के, टिप १८ ते २०. सहा किंवा जास्त माणसं असली की काही ठिकाणी टिप आधीच लावलेली असते. बिल वाचून मगच पैसे द्या, नाहीतर दोनदा जाते.

कारेलीबाग_काका
बिर्याणीचं राहिलं. पलावात बिर्याणी शोधाल तर निराश व्हाल. मसाला म्हणजे जिरं, बार्बेरीची आंबट बोरं, अख्खा लसणाचा गड्डा, कधी एखादी मिरची. बस. गोडवा गाजराचा. गड्ड्यातली पाकळी दाबली की लोण्यासारखी निघते, ती भातात कालवायची. हॉटेलात पलाव सकाळी एकदाच मोठ्या कढईत होतो, रात्री मिळतो तो गरम केलेला. म्हणूनही दुपारीच जा. समरकंदी पद्धतीत भात, गाजर, मांस थरांनी वाढतात, फरगाना पद्धतीत सगळं मिसळलेलं आणि रंगानं गडद.

फतेहगंज_रसोडा
घरी करायचं तर बडोद्यासारखी जागा नाही, कारण उझबेक लोक पलाव कपाशीच्या तेलात करतात आणि आपल्याकडे कपासिया तेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. पुण्या-मुंबईची माणसं हे तेल शोधत फिरतात.

सहा जणांना: तांदूळ, हाडासकट मटण, गाजर, प्रत्येकी ६०० ग्रॅम. कांदा २५० ग्रॅम, तेल १५० मिली, लसणाचे दोन गड्डे, एक मोठा चमचा जिरं, रात्री भिजवलेले मूठभर काबुली चणे. बार्बेरी मिळाली नाही तर थोडा अनारदाणा.

तांदूळ सेला बासमती घ्या. कोलम या रसात मोडतो, साध्या बासमतीचा वास जिऱ्याला मारतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, अर्धा तास कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा.

गाजर नारिंगी. खंडेराव मार्केटात थंडीत येतं ते लाल गाजर हलव्याचं, पाणी फार सोडतं. तिथली खरी गाजरं पिवळी, आपल्याकडे मिळत नाहीत. बोटाच्या निम्म्या जाडीच्या काड्या कापा. किसणीला हात लावू नका, किसलं की विरघळून भात चिकट झालाच.

जाड बुडाची कढई. तेलातून धूर निघू लागला की मटण तांबूस करा, मग कांदा, मग गाजर पाचेक मिनिटं. जिरं चोळून घाला. मटण बुडेल इतकं गरम पाणी, चणे, वरची साल काढलेले अख्खे गड्डे. मंद आचेवर तासभर, झाकण न ठेवता. मीठ या टप्प्यावर रस किंचित खारट लागेल इतकं, भात ते ओढून घेतो. मग गड्डे काढून ठेवा, निथळलेले तांदूळ वर पसरा, ढवळू नका. झाऱ्यावरून उकळतं पाणी, तांदळाच्या वर दीड सेंटीमीटर. आच मोठी. पाणी दिसेनासं झालं की गड्डे परत खोचा, चमच्याच्या दांड्यानं बुडापर्यंत सात-आठ भोकं पाडा, झाकणाला फडकं बांधून वीस मिनिटं अगदी बारीक आचेवर. फडकं नसेल तर झाकणाचं पाणी भातावर गळतं आणि वरचा थर लापशी होतो. कुकर चालणार नाही, त्यात पाणी आटताना दिसत नाही.

अलकापुरी_५
सगळ्यांचे आभार. मटणाऐवजी चिकन घातलं तर?

फतेहगंज_रसोडा
तंगड्या घ्या, हाडासकट. तांबूस करून बाजूला काढा, नाहीतर तासाभरात धागे होतील. कांदा, गाजर, चणे पाण्यात अर्धा तास शिजू द्या, चणे मात्र आधी उकडून घ्या. त्या अर्ध्या तासातली शेवटची पंधरा मिनिटं उरली की चिकन परत सोडा. तेल वीसेक मिली जास्त, कारण चिकनला मटणाइतकी चरबी सुटत नाही.