पोर्ट्रेटमध्ये भिंत नीट धूसर होत नाही आणि डोळे मात्र मऊ येतात

अंगणातला_उजेड:
मावसबहिणीच्या केळवणाला तिचे पोर्ट्रेट काढायचे आहेत. नऊवारी, नथ, खोपा असा साज असेल. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. ट्रायलला ५० एमएम एफ/१.८ वर ठेवून दीड मीटरवरून फोटो काढले, ती भिंतीच्या अर्धा मीटर पुढे उभी होती. भिंतीचे पोपडे स्पष्ट ओळखू येतात. शिवाय नथीचे मोती कडक शार्प आणि डोळे मऊ. आणखी महाग लेन्स लागेल का? अंगण सहा-सात मीटर लांब आहे, वेळ सकाळी अकराची.

भिंगवाला:
लेन्स पुरेशी आहे, भिंत फार जवळ आहे. हिशोब सोपा आहे. फोकल लेंग्थला (लेन्सवरचा एमएमचा आकडा) एफ नंबरने (एफ/ नंतरचा आकडा; तो जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) भागा: ५० ÷ १.८ म्हणजे साधारण २८ मिमी. आता माणसापासून भिंतीचं अंतर भागिले कॅमेऱ्यापासून भिंतीचं अंतर, याने त्याला गुणा. मागचा प्रत्येक बिंदू चेहऱ्याच्या मापात किती मोठा ठिपका होऊन पसरेल, ते कळतं.

तुमच्या ट्रायलमध्ये २८ × ०.५ ÷ २ = ७ मिमी. पोपडे त्याहून मोठे, मग ते दिसणारच. तिला भिंतीपासून साडेचार मीटर पुढे आणा, तुम्ही दीड मीटरवरच राहा: २८ × ४.५ ÷ ६ = २१ मिमी. एक पैसा न खर्चता तिप्पट. आणि हे बघा, त्याच जागी किट लेन्स ५५ एमएम, एफ/५.६ वर लावली तरी साडेसात मिमी मिळतात, म्हणजे तुमच्या आत्ताच्या एफ/१.८ पेक्षा किंचित जास्तच. लोक एफ नंबरच्या मागे लागतात आणि माणसाला भिंतीला टेकवून उभं करतात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

तिसरा_डोळा:
वरच्याशी पूर्ण सहमत. आता डोळ्यांचं.

या बॉडीवर ५० एमएम, एफ/१.८, दीड मीटर: शार्प पट्टा जेमतेम ६ सेंमी. म्हणजे फोकसच्या पुढे ३, मागे ३. नथ डोळ्यापेक्षा तीनेक सेंमी पुढे असते. कॅमेऱ्याला फोकस पॉइंट आपोआप निवडू दिलात तर तो सहसा सगळ्यात जवळची ठसठशीत वस्तू धरतो, आणि चमकत्या मोत्यांपेक्षा ठसठशीत काय असणार! चेहरा तिरका असेल तर लांबचा डोळा आणखी मागे जातो.

म्हणून एकच पॉइंट हाताने निवडा. कॅमेरा उभा धरून जवळच्या डोळ्यावर येईल तो वरचा पॉइंट घ्या आणि पापणीची कड धरा. मधल्या पॉइंटवर लॉक करून मग फ्रेम हलवू नका. दीड मीटरवर १० अंश वळलात की फोकस दोनेक सेंमी मागे, कानाकडे सरकतो. मात्र १५००डीच्या नऊ पॉइंटांपैकी क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) फक्त मधला आहे, त्यामुळे कमी उजेडात कडेचे अडखळतात. तसं झालं तर लाइव्ह व्ह्यूमध्ये भिंगाचं बटण दाबून मोठं करून डोळ्यावर फोकस करा. हळू आहे, पण थेट सेन्सरवरून होतं. व्ह्यूफाइंडरने दर वेळी एकाच दिशेला चुकत असेल आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बरोबर येत असेल, तर लेन्स-बॉडीचा मेळ नाही. या मॉडेलच्या मेनूत त्याची दुरुस्ती नाही, सर्व्हिस सेंटरलाच द्यावं लागतं.

साडेचार मीटरची जागा मिळाल्यावर एफ/१.८ चा हट्टही सोडा. एफ/२.८ वर पट्टा साडेनऊ सेंमी होतो आणि ठिपका तरीही १३ मिमी राहतो. नथही शार्प, डोळेही.

अंगणातला_उजेड:
हे हिशोब कुठे वाचले नव्हते, मनापासून आभार. अकराच्या उन्हात चालेल ना?

भिंगवाला:
थेट उन्हात नको. आयएसओ १०० वर (सेन्सरची सगळ्यात कमी संवेदनशीलता) एफ/१.८ ला साधारण १/८००० सेकंदाचं शटर लागतं आणि तुमचा कॅमेरा १/४००० वर थांबतो. शटरचा आकडा लुकलुकायला लागतो, चेहरा पांढराफटक पडतो. एफ/२.८ वर शटर भागेल, पण नाकाची आणि खोप्याची कडक सावली चेहऱ्यावर पडेल. ओसरीच्या कडेला, सावलीत, तोंड उजेडाकडे. मागे पानांतून ऊन झिरपत असेल तर प्रत्येक फटीचा पांढरा गोल होतो आणि नजर तिकडेच जाते. दोन पावलं सरकून मागे गडद झाडी किंवा सावलीतली भिंत घ्या.

तिसरा_डोळा:
कुणी फोनवर पोर्ट्रेट मोडने काढणार असेल तर त्यांनाही सांगा: १एक्स ऐवजी २एक्स किंवा ३एक्स, नाहीतर जवळून नाक मोठं दिसतं. तिथलं धूसर हे सॉफ्टवेअरने कापलेलं असतं, त्यामुळे गजऱ्याची कड आणि झुमका-मानेमधली फट चुकते. स्लायडर एफ/४ च्या आसपास ठेवा आणि ती जागेवर असतानाच त्या दोन ठिकाणी फोटो मोठा करून तपासा.