अनुभव धागा: पोटासाठी सुंठ, ओवा, हिंग – तुमच्या घरी काय करतात?

पाऊस लागला की आमच्याकडे सगळ्यांची भूक मंदावते, जेवण पोटात तसंच बसून राहतं. सासूबाई सुंठ, गूळ आणि तूप मळून बोराएवढ्या गोळ्या करतात, सकाळी चहाच्या आधी एक. मला खरंच फरक पडतो. तुमचे उपाय लिहा, प्रमाणासकट लिहा प्लीज.

—

आम्ही रायगडकडचे. थंडीत पोपटी लावतो, म्हणजे शेतावर जाळात मडकं ठेवून शेंगा भाजतो, तेव्हा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि मधे मधे मूठ मूठ ओवा नि जाडं मीठ. ओव्यात कंजूषी करायची नाही, वाल वातूळ, शेतावर रात्री उशिरा भरपूर खाल्ले जातात आणि तरी सकाळी पोट हलकं असतं ते ओव्यामुळेच असं मी ठामपणे म्हणेन.

—

मालवणात बांगड्याला तिरफळं हवीतच! काळी बी काढून टाकायची, सालं जरा ठेचून रश्श्यात. तेलकट मासा बाधत नाही.

—

हिंगाष्टक. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं, सैंधव समभाग आणि तुपात भाजलेला हिंग, आमचे वैद्य हिंग मात्र कमी घालायला सांगतात. पाव चमचा, तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाबरोबर. जेवणानंतर घेऊन मला कधी तेवढा उपयोग झाला नाही, आधीच घ्यायचं.

—

वरच्या ताईंना एक सांगते, मी कॅनडात असते, मुलाला गहू चालत नाही. डबीतला बांधणी हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असते, आम्हाला हे कळेपर्यंत त्याचं पोट दुखतच होतं. आता तांदळाच्या पिठातला शोधून आणते. लेबल वाचा.

—

सगळ्यांना उष्ण पदार्थ मानवत नाहीत हो. मला पित्ताचा त्रास, सुंठ-मिरीने छातीत आग पडते. मी धणे, जिरं, बडीशेप एकेक चमचा रात्री तांब्याभर पाण्यात भिजवून सकाळी गाळून पिते. आणि रोज चमचाभर दालचिनी खाणाऱ्यांनो, बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅसिया, तिच्यातलं कुमारिन जास्त झालं तर यकृताला बाधतं. चिमूटभरच घ्या, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

—

पित्तवाल्या ताई, हे पाणी उद्यापासून आईला देते, तिला सुंठ अजिबात सोसत नाही. धणे अख्खेच ना, की भरडून?

—

जरा भरडून. जिरं अख्खं.